मदत हवी आहे: कराडजवळ प्रौढ मतिमंद व्यक्तींसाठी कार्यशाळा आणि कायदेशीर पालकत्व

नमस्कार. माझा दादा ३४ वर्षांचा आहे, बौद्धिक अक्षमता ७५ टक्के. कराडला आई-बाबांजवळ असतो. अठरा वर्षांपर्यंत विशेष शाळा होती, रोज उत्साहाने डबा घेऊन जायचा. शाळा सुटली आणि तेव्हापासून तो घरातच आहे. अजूनही सकाळी दहाला चप्पल घालून दारात उभा राहतो. ते बघवत नाही.

बाबा ७२ वर्षांचे, आईचे गुडघे गेलेत. मी लग्न होऊन पुण्यात. इथे कामायनीसारखी कार्यशाळा आहे, पण दादाला आईशिवाय झोप लागत नाही, त्यामुळे त्याला पुण्याला हलवायची घाई नको वाटते. कराड, सातारा किंवा इस्लामपूरकडे मोठ्या मुलांसाठी दिवसभराची कार्यशाळा कुणाला माहीत आहे का? पाकिटं, द्रोण, मेणबत्त्या, काहीही चालेल. त्याचे हात छान चालतात.

दुसरं, १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडून कायदेशीर पालकत्व मिळतं. आई-बाबांनंतर ते माझ्याकडे यावं म्हणून आत्ताच काय करून ठेवावं? ज्यांनी साताऱ्यात अर्ज केला आहे त्यांनी कागदपत्रं आणि लागलेला वेळ कृपया सांगा. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) झालंय. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विम्याचा एक लाखापर्यंतचा दावा कुणी केला असेल, तर थेरपीची बिलं कशी जोडली तेही लिहा.

आणि अशाच घरातली भावंडं इथे असतील तर जरूर बोला. आई-बाबांसमोर हा विषय कसा काढलात?