कप्सच्या पेज लॉगमधील बेरीज आणि प्रिंटरचा मीटर जुळत नाही

प्रश्न :
आमच्या लिनक्स सर्व्हरवरून काही सामाईक प्रिंटर चालतात आणि कोणी किती पाने छापली याचा हिशेब दर महिन्याला द्यावा लागतो. छपाई सांभाळणाऱ्या कप्स या प्रणालीच्या पेज लॉगमधून (पानांच्या नोंदवहीतून) प्रत्येक वापरकर्त्याची बेरीज काढणारी स्क्रिप्ट लिहिली आहे, परंतु तिचा आकडा प्रिंटरच्या मीटरशी (यंत्रातील पानांच्या गणकाशी) जुळत नाही. सांबा या विंडोजशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमार्फत येणाऱ्या विंडोजच्या छपाईच्या कामांची पानसंख्या तर अजिबात भरवशाची नसते. यांपैकी कोणता आकडा प्रमाण मानावा?

उत्तर १ :
आधी आपली स्क्रिप्ट कोणत्या रकान्याची बेरीज करते ते पाहावे. जुन्या पद्धतीच्या लॉगमध्ये प्रत्येक पानासाठी वेगळी ओळ असते. तिच्यात आधी पानाचा क्रमांक आणि नंतर प्रतींची संख्या येते. दहा पानांच्या कामात क्रमांकांची बेरीज केली तर ५५ येते. बेरीज प्रतींची करायची असते. जिथे क्रमांकाच्या जागी ‘टोटल’ असते, तिथे मात्र पुढचा आकडा हीच कामाची एकूण पाने असतात.

दुसरे असे की ही नोंद फिल्टरने (मजकूर प्रिंटरच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रामने) पाठवलेल्या संदेशांवरून होते, म्हणजे पान तयार होताना. कागद बाहेर पडताना नव्हे. त्यामुळे कागद अडकला किंवा काम मध्येच रद्द झाले तरी पाने वापरकर्त्याच्या नावावर चढलेली असू शकतात. विंडोजचा ड्रायव्हर मजकूर प्रिंटरच्या भाषेत तयार करूनच पाठवतो आणि असे ‘रॉ’ काम फिल्टरमधून जातच नाही, मग पाने मोजणार कोण? शक्य असेल तर विंडोजवर पोस्टस्क्रिप्ट (पानाचे वर्णन करणारी भाषा) ड्रायव्हर बसवून मोजणी सर्व्हरवरील फिल्टरकडे सोपवावी.

उत्तर २ :
वरील मुद्द्यांशी सहमत आहे, मात्र एकूण संख्येसाठी मी मीटरच प्रमाण मानेन. आरएफसी ३८०५ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजातील प्रिंटर एमआयबीमध्ये (प्रिंटरने पुरवायच्या माहितीच्या ठरावीक यादीत) प्रिंटरने आजवर छापलेल्या पानांचा गणक असतो आणि तो एसएनएमपीने (नेटवर्कवरून यंत्रांची माहिती विचारण्याच्या पद्धतीने) वाचता येतो. त्याचे एकक वेगळ्या नोंदीत असते आणि ते वाचल्याशिवाय तुलना करू नये, कारण दोन्ही बाजूंनी छापलेला एक कागद ‘इम्प्रेशन’मध्ये दोन आणि ‘शीट’मध्ये एक ठरतो.

कप्सचा सॉकेट बॅकएंड (काम नेटवर्कवरून प्रिंटरकडे पोहोचवणारा भाग), प्रिंटर एसएनएमपीला उत्तर देत असेल तर, कामाआधीचा आणि कामानंतरचा गणक वाचून फरक नोंदवतो, त्यामुळे रॉ कामांचीही मोजणी होऊ शकते. पण त्याच वेळी कोणी सर्व्हरला वगळून थेट प्रिंटरच्या ९१०० पोर्टवर (ज्यावर तो नेटवर्कवरून कामे घेतो) छापले किंवा यंत्रावर झेरॉक्स काढली, तर ती पानेही त्याच कामाच्या माथी येतात. म्हणून ९१०० पोर्ट सर्व्हरखेरीज सर्वांसाठी बंद ठेवावा. झेरॉक्सचा हिशेब वेगळाच ठेवावा लागेल, त्याला इलाज नाही.

उत्तर ३ :
आकडे जुळले तरी नावाचा प्रश्न उरतोच. कप्सच्या धोरणात प्रमाणीकरण (वापरकर्त्याची ओळख पटवणे) सक्तीचे केले नसेल, तर काम पाठवणारे यंत्र जे वापरकर्तानाव सांगेल तेच लॉगमध्ये येते आणि ते बदलणे अगदी सोपे आहे. ज्या हिशेबावरून पैसे आकारायचे आहेत, त्यासाठी पासवर्ड किंवा केर्बेरॉस (नेटवर्कवर ओळख पटवण्याची पद्धत) हवेच. कप्सच्या एलपीअ‍ॅडमिन या आज्ञेने प्रत्येक वापरकर्त्याला पानांची मर्यादाही घालता येते (कालावधी सेकंदांत द्यावा लागतो, आठवड्यासाठी ६०४८००), पण ती याच मोजणीवर चालते; रॉ कामे नीट मोजली जात नाहीत तोवर ती लावू नये.