नव्या पोराच्या हातात आधी दोर द्या

"नवा पोरगा आला की वर्षभर नुसत्या फांद्या ओढायला लावा, टिकला तर बघू" असं झाडं छाटायच्या कामाबद्दल एकानं लिहिलंय, ते निम्मंच पटतं. आल्या आल्या झाडावर चढवू नये, बरोबर. पण खाली ठेवायचं म्हणजे हमाली करून घ्यायची असं कुठं आहे? आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडं फांदी कौलांवर आलेली असली की दोरानं उतरवावी लागते, आणि सगळी भिस्त खालच्या माणसावर. बुंध्याला दोन-तीन वेढे दिले की जड फांदीसुद्धा एकट्याला सावकाश सोडता येते. नवखा मात्र जोर मिळावा म्हणून दोर मनगटाला गुंडाळतो. फांदी सुटली की हात गेलाच समजा. हे पहिल्या दिवशी, चहा पितानाच सांगायचं. फांदीला आधी खालून खाच, मग जरा पुढं सरकून वरून काप, नाहीतर साल बुंध्यापर्यंत सोलत येते, हेही कारणासकट दाखवावं.

झाडावर करवतीचं मशीन चालू असताना ओरडून काही ऐकू येत नाही, म्हणून हाताच्या खुणा आधीच ठरवून घ्याव्यात. मिस्त्री कानडी आणि पोरगा मराठी असेल (आपल्याकडं रोजचंच) तर जास्तच. आणि जवळून वायर जात असेल तर हेस्कॉमकडून (म्हणजे वीज कंपनीकडून) लाईन बंद होईपर्यंत कामाला हात लावायचा नाही, भिजलेल्या दोरातूनही करंट येतो. मालक घाई करतोच. त्याच्याशी जुन्यानं बोलायचं, पोराला पुढं करायचं नाही.