पहिल्या परिच्छेदापुढे कथा सरकत नाही, काय करावे?

अर्धविराम यांचा प्रश्न

नमस्कार. गेली दीड वर्षे मी कथा लिहिण्याचा प्रयत्न करीत आहे. माझ्या वहीत आज अकरा कथांच्या सुरुवाती आहेत. शेवट मात्र एकीलाही नाही. पहिला परिच्छेद लिहून होतो, दुसऱ्या दिवशी तो इतका सामान्य वाटतो की मी तो नव्याने लिहायला घेते, आणि चौथ्या-पाचव्या खेपेपर्यंत त्या कथेतला रसच संपून जातो. लहानपणापासून वाचन भरपूर असल्यामुळे चांगले कशाला म्हणावे हे कळते, आणि बहुधा म्हणूनच स्वतःचे लिखाण डोळ्यांसमोर धरवत नाही. घरच्यांना दाखवले तर ‘छान आहे’ एवढेच ऐकायला मिळते. एका परिचितांनी ‘आधी शुद्धलेखन सुधारा’ असे म्हणून वही परत केली, त्यानंतर तीन महिने मी पेन हातात धरले नाही. आधी आत्मविश्वास यावा लागतो की आधी कौशल्य? आणि कौशल्य नुसते लिहीत राहिल्याने येते, की त्यासाठी ठरवून काही करावे लागते?

समासातला माणूस यांचे उत्तर

वाचनाची वीसेक वर्षे आणि लेखनाचे दीड वर्ष यांची कुस्ती लावली तर लेखन चीतपट होणारच. त्यात आपली हार मानू नका. मला अडचण दुसरीकडे दिसते. लिहिणे आणि लिहिलेले सुधारणे ही दोन कामे आपण एकाच बैठकीत करीत आहात, आणि ती एकमेकांच्या पायांत येतात. मी पहिला खर्डा पूर्ण होईपर्यंत मागची पाने उलटत नाही. आदल्या दिवशीची शेवटची ओळ तेवढी वाचतो आणि पुढे जातो. काही खटकलेच तर समासात ‘संवाद लांबला’ किंवा ‘हे आधी यायला हवे’ अशी दोन-तीन शब्दांची नोंद करून ठेवतो, म्हणजे मनातील परीक्षकाचेही समाधान होते आणि हात थांबत नाही.

पहिल्या परिच्छेदाला इतके जपण्यात आणखी एक तोटा आहे. कथा नेमकी कशाविषयी आहे हे पुष्कळदा शेवटापाशी पोहोचल्यावर कळते, आणि मग तिचा आरंभही बदलावा लागतो. माझ्या एका कथेची पहिली दीड पाने मी शेवटी सरळ कापली, कारण त्यांत नायक नुसता झोपेतून उठून आवरत होता. आपल्या अकरांपैकी सर्वांत साधी सुरुवात निवडा, दोनच पात्रे आणि एकच प्रसंग ठेवा, हजार शब्दांची मर्यादा घाला आणि कथा वाईट झाली तरी संपवा. शेवट करणे हे वेगळेच कसब आहे. ते बारावी सुरुवात लिहून येणार नाही.

जुना मुद्रितशोधक यांचे उत्तर

आपल्या शेवटच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की ठरवून करावे लागते. अमेरिकन लेखक व मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन (१७०६–१७९०) यांची शाळा दहाव्या वर्षीच सुटली होती आणि ते भावाच्या छापखान्यात उमेदवारी करीत होते. त्या काळात त्यांनी स्वतःसाठी एक अभ्यास आखला, त्याचे वर्णन त्यांच्या आत्मचरित्रात आहे. आवडलेल्या निबंधातील प्रत्येक वाक्याचा आशय ते थोडक्यात टिपून घेत, काही दिवस तो कागद बाजूला ठेवीत, मग मूळ निबंध न पाहता तो स्वतःच्या शब्दांत पुन्हा उभा करीत आणि शेवटी मुळाशी ताडून आपल्या चुका दुरुस्त करीत. कधी टिपणांचा क्रम मुद्दाम विस्कटून ती नीट लावण्याचाही सराव करीत, म्हणजे विचार मांडण्याचे वळण हाताला लागे.

मी हाच प्रयोग दोनशे शब्दांच्या उताऱ्यांवर केला. पहिल्याच ताडणीत दिसले की माझ्या मजकुरात ‘खूप’ सहा वेळा आला होता आणि मुळात एकदाही नव्हता. ‘बातमी ऐकून त्याला खूप धक्का बसला’ असे मी लिहिले होते. मूळ लेखकाने धक्क्याचे नावही घेतले नव्हते. त्या माणसाने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि लगेच काढून पुन्हा पुसला, एवढेच सांगितले होते. असा फरक स्वतःच्या अक्षरात समोर दिसला की तो विसरता येत नाही.

शुद्धलेखनाची धास्ती मात्र सोडा. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४, असे एकूण १८ आहेत. ‘फूल’चे ‘फुलाला’ का होते आणि ‘गरीब’चे ‘गरिबाला’ का, हे एकदा उमजले की बऱ्याच चुका आपोआप गळतात. ते काम शेवटच्या वाचनाचे आहे, पहिल्या खर्ड्याचे नव्हे.

कानसेन यांचे उत्तर

वरच्या दोन्ही उत्तरांशी बहुतांशी सहमत आहे, परंतु प्रत्येक कथा हट्टाने संपवावी असे मला वाटत नाही. काही सुरुवाती मुळातच निर्जीव असतात. अभिप्रायाबद्दल थोडे सांगतो. ‘कशी वाटली?’ असे विचारले की ‘छान’ हेच उत्तर येते, त्यात घरच्यांचा दोष नाही. मी माझी कथा दुसऱ्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला सांगतो आणि स्वतः दुसरी प्रत घेऊन बसतो. वाचणारा जिथे अडखळतो, वाक्य मागे जाऊन पुन्हा घेतो किंवा त्याचा आवाज सपाट होतो, तिथे पेन्सिलीने खूण करतो. त्याला मत द्यावे लागत नाही आणि मला ते सोसावे लागत नाही. एकदा एका पानावर नऊ खुणा झाल्या, त्यांपैकी सात चार ओळींहून लांब वाक्यांवर होत्या.

अर्धविराम

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे. सातव्या क्रमांकाची कथा नऊशे शब्दांत संपली. पाच वेळा घासूनपुसून लिहिलेला पहिला परिच्छेद शेवटी काढावा लागला, आणि वाईट वाटण्याऐवजी हसूच आले. ‘खूप’ मोजले, अकरा निघाले. मधला संवाद मला खरोखर आवडला आहे. शेवटचे दोन परिच्छेद घाईचे झाले आहेत हे मलाही दिसते, पण आठवडाभर त्यांना हात लावणार नाही. मोठ्याने वाचून घेण्याआधी ते सुधारावेत, की आहे तसाच खर्डा वाचायला द्यावा?

कानसेन

आहे तसाच द्या. शेवटाला वाचणाऱ्याचा वेग वाढतो की मंदावतो, तेवढे नीट ऐका.