रोजची गाडी, रविवारचा ट्रॅक: क्लिकवाले महागडे शॉकअप खरंच हवेत का?

वळणदार (श्टुटगार्ट)

माझी माझदा एमएक्स-५ आहे, २०१७ ची, दोन लिटर. आठवड्याचे पाच दिवस ऑफिस, आणि मार्च ते ऑक्टोबर महिन्यातून एखादा दिवस ट्रॅक. कधी होकेनहाइम, बहुतेक वेळा न्यूरबर्गरिंगची नॉर्डश्लाइफ. ८५ हजार किलोमीटर झाले, मूळ शॉकअप थकलेत. वळणात गाडी झुलते आणि झुलून झाल्यावर आणखी एकदा झुलते. बदलायचेच आहेत, म्हणून मत मांडतो आणि शिव्या खायला बसतो.

मत असं: एकाच गाडीवर रस्ता आणि ट्रॅक दोन्ही करणाऱ्याने डॅम्पिंगचे, म्हणजे झुलणं किती जोरात रोखायचं ते नॉबने ठरवायचे, क्लिक असलेलं कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र सेट) घेऊ नये. कारखान्यात ठरवून दिलेल्या डॅम्पिंगचा चांगला मोनोट्यूब (एकाच नळीचा) शॉकअप आणि त्याच्याशी जुळणारी स्प्रिंग घ्यावी, बिलस्टीन बी-१४ च्या जातीचं काहीतरी. गाडी फार तर २० मिलिमीटर खाली. उरलेले पैसे टायर, ब्रेक ऑइल आणि लॅपवर.

हे पुस्तकी नाही. आधीच्या गाडीला मी ३२ क्लिकचा सेट बसवला होता, वापरलेला, स्वस्तात. विकणाऱ्याचं नाव घेत नाही. पहिल्या वर्षी दर रविवारी नॉब फिरवले. दुसऱ्या वर्षी कुठला क्लिक कशासाठी होता तेच विसरलो. तिसऱ्या हिवाळ्यात रस्त्यावरच्या मिठाने आटे असे धरले की गाडीची उंची बदलायची रिंग हातोड्यानेही हलेना. शेवटी लक्षात आलं, वर्षभर गाडी एकाच सेटिंगवर चालली होती आणि मला पत्ताही लागला नव्हता.

क्लिकबहाद्दर (सॅन होजे)

साफ असहमत. रागावू नका, पण हे नाचता येईना अंगण वाकडं झालं. सेट जुना, स्वस्त, वर मिठात भिजलेला, आणि शिक्षा मात्र जगातल्या सगळ्या कॉइलओव्हरना!

माझी टोयोटा जीआर८६ आहे, तिला ओलिन्स कंपनीचा रोड अँड ट्रॅक सेट. नॉब पूर्ण बंद (सगळ्यात कडक) करायचा आणि तिथून उलटे मोजायचे: ऑफिसला १४, लागुना सेका ट्रॅकला ७. गाडीच्या दारात वही ठेवलीय. दहा मिनिटांचं काम आहे हो. सोमवारी बायको शेजारी बसते तेव्हा तिला कळतही नाही की काल याच गाडीने तिथल्या कॉर्कस्क्रू या उताराच्या वळणावरून उडी मारली.

आणि मिठाचं म्हणाल तर केडब्ल्यू कंपनीवाले स्टेनलेस स्टीलची बॉडी देतात ते काय शोभेसाठी? चांगली वस्तू घ्या, मग बोला.

गतिरोधक (पुणे)

दोघांनाही नमस्कार. इकडे ट्रॅक म्हणजे कोइमतूरची कारी, नाहीतर चेन्नईचा इरुंगट्टुकोट्टई. पुण्याहून गाडी चालवत न्यायची तर हजाराच्या वर किलोमीटर एका बाजूने. वाटेतले गतिरोधक मोजायला बसलो तर क्लिक संपतील. त्यात उंची २० मिलिमीटर कमी केलेली गाडी माझ्या सोसायटीच्या रॅम्पवरच अडकेल.

शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा फेरबदल चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय. त्यामुळे माझं मत तिसरंच: कंपनीचेच नवे शॉकअप घाला, नवे बुश (सांध्यांतले रबर) घाला, चाकांचं अलाइनमेंट नीट करून घ्या. निम्म्या लोकांना जो ‘अपग्रेड’ जाणवतो तो नव्या रबराचा असतो.

चाकोरी (पिंपरी)

शॉकअपच्या चाचणीवर काम करते, म्हणून चार शब्द. जरा लांबतील.

क्लिकबहाद्दर, तुमचा नॉब स्प्रिंग बदलत नाही. गाडीचा मूळ स्वभाव ठरतो तो स्प्रिंग आणि तिच्यावरचं वजन यांतून. समजा पुढच्या एका चाकावर गाडीचं २५० किलो वजन आहे आणि चाकापाशी स्प्रिंगचा जोर मिलिमीटरला २५ न्यूटन पडतो. मग गाडीचं ते टोक सेकंदाला साधारण १.६ वेळा झुलेल. रस्त्याच्या स्पोर्ट्‌स गाडीला हे ठीक. तेच सव्वादोनवर न्यायचं, म्हणजे बऱ्यापैकी ट्रॅकच्या बाजूला, तर जोर दुप्पट लागतो. शॉकअपचा नॉब कितीही पिळा, हा आकडा जवळपास तिथेच राहतो. फक्त झुलणं लवकर थांबतं, किंवा गरजेपेक्षा जास्त पिळलं तर चाक खड्ड्यातून वेळेवर खाली येत नाही आणि तुम्हाला वाटतं गाडी ‘टाइट’ झाली.

दुसरं. स्प्रिंगवर छापलेला आकडा चाकापर्यंत पोचत नाही. एमएक्स-५ ला पुढे डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन दांडे) आहेत. शॉकअप विशबोनच्या मधल्या भागावर बसतो, त्यामुळे चाक १० मिलिमीटर उचललं की स्प्रिंग कमी दबते. हे प्रमाण ०.७ धरलं तर, प्रवास आणि जोर दोन्ही तेवढ्याने घटत असल्याने, त्याचा वर्ग धरायचा; तो होतो ०.४९, म्हणजे ५० ची स्प्रिंग चाकाला २५ चीच वाटते. जीआर८६ ला पुढे मॅकफरसन स्ट्रट (शॉकअप थेट चाकाच्या आधारावर) आहे, तिथे प्रमाण एकाच्या जवळ. तेव्हा तिकडचे आकडे उचलून इकडे लावू नका.

तिसरं, आणि हे दोघांनाही. स्प्रिंग दुप्पट केली तर डॅम्पिंग साधारण १.४ पट लागतं. म्हणून मूळ शॉकअपवर नुसती कडक स्प्रिंग टाकणं हा सगळ्यात वाईट सौदा. गाडी खाली दिसते आणि उड्या मारते. वळणदार म्हणतात तसा जुळवलेला सेट या बाबतीत सरस. पण नॉबवाला चांगला सेटही जुळवलेलाच असतो. भांडण नॉबचं नाहीच.

क्लिकबहाद्दर (सॅन होजे)

ताई, दंडवत. वर्गाचा मुद्दा मला माहीत नव्हता. पण मग नॉब निरुपयोगी कसा? त्याच स्प्रिंगवर रस्त्याला मऊ आणि ट्रॅकला आवळलेलं, हेच तर मी करतोय! वळणात शिरताना गाडी किती पटकन बसते ते क्लिकनेच बदलतं. टायर बदलले, शेजारी माणूस बसला, टाकी भरली, तर ठरीव डॅम्पिंगवाला काय करणार?

चाकोरी (पिंपरी)

निरुपयोगी म्हटलंच नाही. तुम्ही वही ठेवता, तुम्हाला उपयोगी आहे. चांगल्या शॉकअपचे डावे-उजवे क्लिक सारखे निघतात, स्वस्तातल्यांचे निघतीलच असं नाही. तिथे सात नंबर म्हणजे डाव्या बाजूला एक आणि उजव्या बाजूला भलतंच.

वळणदार (श्टुटगार्ट)

वहीचा मुद्दा लागला, मान्य. आळशी आहे.

पण मूळ प्रश्न कुणी विचारलाच नाही: ट्रॅक म्हणजे कुठला ट्रॅक? होकेनहाइम साडेचार किलोमीटरचं, टेबलासारखं सपाट. तिथे कडक गाडी शोभते. नॉर्डश्लाइफ जवळजवळ २१ किलोमीटर, जंगलातून, चढ-उतारांची. तिला ‘हिरवा नरक’ म्हणणारा रेसर जॅकी स्ट्यूअर्ट काही उगाच म्हणाला नव्हता. तिथल्या फुक्सरोर या उताराच्या तळाशी गाडी पूर्ण वेगात खाली दाबली जाते. कारुसेलमध्ये काँक्रीटच्या तुकड्यांवरून कवटी खडखडते. फ्लान्त्सगार्टनला चाकं हलकी होतात ती तुम्ही ठरवून नाही. अशा जागी गाडी खाली करून स्प्रिंगचा प्रवास संपवला की ती बंप स्टॉपवर (प्रवासाच्या शेवटच्या अडसरावर) आपटते, त्या क्षणी सस्पेन्शन दगडासारखं होतं आणि पकड सुटते. गतीच्या दृष्टीनेही तिथे मऊ, प्रवास राखलेली गाडी बरी. म्हणजे ज्या सेटवर मी ऑफिसला जाईन तोच सेट तिथे बरा! रस्ता आणि ट्रॅकचं भांडण माझ्यापुरतं अर्धं मिटतंच.

आणि पर्यटक-फेऱ्यांत नॉर्डश्लाइफ म्हणजे कायद्याने टोलचा एकमार्गी रस्ता. वेळ मोजायलाच बंदी. दोन सेकंदांसाठी क्लिक पिळून दाखवायचे कुणाला?

कागदांचंही आहे. इथे सेटबरोबर टाइलेगुटआख्टन म्हणजे तपासणीचा दाखला येतो, टीयूव्ही या तपासणी संस्थेचा अभियंता गाडी बघतो आणि बदल कागदात नोंदवला जातो. दाखल्यात उंचीची मर्यादा लिहिलेली असते, रविवारी तिच्याखाली गेलात तर गाडीची परवानगीच रद्द समजा. गतिरोधक, तुमच्या कलम ५२ पेक्षा हे सोपं आहे, पण फुकट नाही.

गतिरोधक (पुणे)

म्हणजे तुमच्याकडे कागद मिळतो, आमच्याकडे पावती. ह. घ्या.

अवांतर: ब्रेक ऑइलबद्दल कुणी बोलत नाही. डॉट ४ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा शोषल्यावर मर्यादा १५५ वर येते. उताराच्या शेवटी पेडल जमिनीला लागलं की बाकीचं सगळं गौण. इथे एका मित्राच्या बाबतीत झालंय. गाडी वाचली, बंपर नाही.

क्लिकबहाद्दर (सॅन होजे)

वळणदार, नॉर्डश्लाइफपुरतं मान्य करतो. पण बघा, तुम्ही होकेनहाइमलाही जाता असं तुम्हीच पहिल्या ओळीत लिहिलंय. तिथे तुमचा मऊ सेट पहिल्या वळणातच एका बाजूला झोपेल आणि पुढच्या टायरची बाहेरची कड खाईल. मग अँटी-रोल बार (गाडी कलणं रोखणारा दांडा) घ्याल, मग कॅम्बर (चाकाचा आतला झुकाव) वाढवाल, आणि वर्षभरात नॉब शोधत फिराल.

वळणदार (श्टुटगार्ट)

अँटी-रोल बार यादीत आहेच, पुढचा फक्त. कॅम्बर पुढे दोन अंशांच्या जरा खाली ठेवणार, त्याहून जास्त केला तर ऑटोबानवर टायर आतून जाईल. तुमचा आक्षेप होकेनहाइमपुरता खरा आहे, पण वर्षात दोनच दिवस तिथे जातो. बाकी दिवसांसाठी ठरीव डॅम्पिंग. आज सेट मागवला, बसवायला एप्रिलची तारीख मिळाली.

क्लिकबहाद्दर (सॅन होजे)

अभिनंदन. दोन वर्षांनी हा धागा वर काढतो.