मदत हवी आहे: थकलेली पुस्तकं परत कशी मिळवायची?

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. मुदत उलटून गेलेली बरीच पुस्तकं अजून बाहेर आहेत. त्यात बुक बँकेचे (वर्षभरासाठी दिलेल्या क्रमिक पुस्तकांचे) अख्खे संचही अडकलेत, आणि या वर्षीची मुलं रोज काउंटरवर येऊन विचारतात.

दंड आहेच, पण तोच आडवा येतो असं वाटू लागलंय. रोजचा एक रुपया साचत जातो, मग पोरं लायब्ररीकडे फिरकतच नाहीत. शेवटच्या वर्षाची मुलं नो ड्यूजसाठी, म्हणजे काही देणं बाकी नसल्याच्या दाखल्यासाठी, येतात तेव्हा सापडतात. मधेच कॉलेज सोडलेली मात्र हातून सुटतात. फोन केला की "मॅडम, पुस्तक गावी राहिलंय" हे ठरलेलं उत्तर!

१२ ऑगस्टला, भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या जयंतीला, ग्रंथपाल दिन असतो. त्या आठवड्यात दंड माफ करून दाराशी पेटी ठेवावी म्हणते, नाव न विचारता पुस्तक टाकून जा. प्राचार्य म्हणतात, मग वेळेवर देणारे वेडे का? त्यांचंही खोटं नाही.

कुणी अशी माफी करून पाहिली आहे का? ऑडिटला ती कशी दाखवलीत? वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नावं टाका असंही काही जण सुचवतात, पण मला ते पटत नाही.