शब्दचर्चा : जुनून, सैयोनी, खुदी

प्रश्न : लाहोरच्या 'जुनून' बँडची गाणी सध्या पुन्हा ऐकतोय. जुनून म्हणजे वेड, हे ठाऊक आहे. पण कुठलं वेड? आपण 'क्रिकेटचं वेड' म्हणतो ते, की डोकं फिरल्याचं? आणि 'सैयोनी' हे 'सैंया'चंच रूप का? त्या गाण्यात ना पीर, ना दर्गा, तरी त्याला सूफी का म्हणतात?

उत्तर : जुनून अरबी आहे. त्याच्या धातूचा अर्थ झाकणं, दडवणं. डोळ्यांना न दिसणारा तो जिन, झाडांनी झाकलेली बाग ती जन्नत, आणि बुद्धी झाकली गेली की जुनून. मजनून म्हणजे जिनाने धरलेला. लैलाचा कैस याच अर्थाने मजनू झाला; कोपऱ्यावर शिट्ट्या मारणाऱ्या पोरालाही आपण तेच नाव देऊन टाकलं. म्हणून मराठीत 'वेड'पेक्षा 'झपाटलेपण' जवळचं. त्यातही बाहेरचं काहीतरी येऊन माणसाचा ताबा घेतं. संतवाणीतलं 'पिसें' तर अगदी सख्खं. हल्ली बातम्यांत 'जुनून सवार झालं' वाचतो, ती सरळ हिंदीची उचल आहे. 'झपाटून गेला' असताना तिची गरज नाही.

१९९० साली सलमान अहमदने हे नाव घेतलं. तो डॉक्टरकी शिकलेला, 'व्हायटल साइन्स' या गाजत्या बँडचा गिटारवादक. ते सोडून त्याने गायक अली अझमत आणि न्यूयॉर्कचा शाळूसोबती ब्रायन ओ'कॉनेल यांना सोबत घेतलं. अमेरिकन माणूस बेस वाजवतोय, ढोलक-तबला पंजाबी अंगाने चाललाय आणि वरून इलेक्ट्रिक गिटार, हा मेळ १९९६ च्या 'इन्किलाब' या अल्बममध्ये नीट बसला. त्याच वर्षीच्या विश्वचषकाच्या वेळी 'जज्बा-ए-जुनून' हे त्यांचं गाणं आलं आणि हा शब्द क्रिकेटला कायमचा चिकटला. तुमच्या प्रश्नातली पहिली छटा तिथली.

'सैयोनी' मात्र सैंया नव्हे. सैंया आला 'स्वामी'वरून. पंजाबीत 'सई' म्हणजे सखी, 'सइयो' हे तिचं अनेकवचनी संबोधन आणि 'नी' म्हणजे आपलं 'अगं'. 'सइयो नी' म्हणजे 'अगं सयांनो'. आपली सई आणि त्यांची सई दोघी संस्कृत सखीच्याच लेकी.

सूफीपणाचं उत्तरही इथेच आहे. शाह हुसैन, बुल्ले शाह हे पंजाबी सूफी कवी कितीदा हीर, म्हणजे लोककथेतली रांझ्याची प्रेयसी, होऊन बोलतात. पुरुष कवी विरहिणी होतो आणि आपली तगमग सख्यांना सांगतो. ज्ञानदेवांच्या विराण्या आठवा, तीच रीत. तेव्हा पीराचं नाव नसलं तरी 'सइयो नी' ही हाक कानी पडली की पंजाबी श्रोत्याला कळतं, ही कुणाची वाट पाहतेय.

याच गाण्यात 'चैन' येतो. मराठीत चैन म्हणजे मौजमजा, तिथे जिवाची स्वस्थता. तरी 'चैन पडत नाही' म्हणताना आपण तोच मूळ अर्थ बोलत असतो.

दुसरं मत : विराण्यांचा दाखला पटला. पण 'खुदी'चं काय करायचं? 'सैयोनी'बरोबर १९९७ च्या 'आझादी' अल्बममध्ये तेही गाणं आहे. सूफी तर मीपण टाकायला सांगतो आणि हे 'खुदी' उंच करायला सांगतायत.

उत्तर : प्रश्न रास्त आहे, कारण ते शब्द उर्दू-फारसी कवी इक्बालचे. जुन्या फारसी-उर्दू कवितेत खुदी म्हणजे अहंता, जिचा निचरा व्हायला हवा; बेखुदी, म्हणजे स्वतःचा विसर, ही तिथे कमाईची गोष्ट. इक्बालने तोच बदनाम शब्द उचलला आणि त्याला स्वत्वाचा, आत्मबळाचा अर्थ दिला. म्हणून मराठीत इथे 'मीपण' चालणार नाही, 'स्वत्व' हवं.

दोन वर्षांनी, १९९९ च्या 'परवाझ' अल्बममध्ये हाच बँड बुल्ले शाहकडे वळला. त्याची 'मी कोण, काय जाणे' ही रचना: मी मशिदीतला मोमिन (श्रद्धावान) नाही, मूसा पैगंबर नाही, त्याचा वैरी राजा फिरऔनही नाही. एकेक ओळख खाली ठेवत जायची. मधल्या काळात, १९९८ च्या अणुचाचण्यांच्या दिवसांत शांततेची बाजू घेतल्यामुळे पाकिस्तानच्या सरकारी टीव्ही-रेडिओवर त्यांना बंदी झाली होती. देशाची ओळख सगळ्यात चढ्या आवाजात सांगितली जात असताना ही मंडळी लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत त्या नकारांना चाल लावत होती. मला त्यांच्या सगळ्या कामात 'परवाझ' सर्वांत मोलाचा वाटतो. २००१ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या दालनात ते वाजवून आले, तो मान मोठा खराच. पण ऐकायला बसायचं तर 'परवाझ' लावा.

प्रश्न : त्यातलं 'बुल्लेया' म्हणजे कुणाला हाक?

उत्तर : स्वतःलाच. कवी आपलं नाव घेऊन स्वतःशी बोलतो, आपल्याकडे अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' येतं तशी ती नाममुद्रा. फरक एवढाच की तुकोबा आपलं नाव घेऊन सांगतात आणि बुल्ले शाह आपलं नाव घेऊन विचारतो. मराठीत आणायचं तर 'अरे बुल्ल्या', एकेरीच. 'बुल्लेशाहजी' केलंत तर त्यातली सलगी गेली.