मदत हवी आहे: अमेरिकन टँक कारपासून आपली बीटीपीएन कशी करावी? (मॉडेल रेल्वे, एचओ, १:८७)

मनमाडकर_८७

नमस्कार मंडळी,

प्रश्न लांबला आहे. पण मापं आणि आतापर्यंत केलेलं काम सगळं लिहिलं तर उत्तर देणाऱ्याला सोपं जाईल, म्हणून लिहितोच.

मी मूळचा मनमाडचा. पानेवाडीचे तेलाचे डेपो हाकेच्या अंतरावर, त्यामुळे टाक्यांच्या मालगाड्या बघतच मोठा झालो. वडील रेल्वेत टीएक्सआर होते. गाडी सुटण्याआधी रेकमधली एकेक वाघीण वाकून तपासायची, हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. आता ते पंच्याहत्तरीला टेकलेत. त्यांच्यासाठी बीटीपीएनचा, म्हणजे आपल्या रेल्वेच्या तेलाच्या टाकी-वाघिणींचा, छोटा रेक करायचा मनात आहे: पाच टाक्या आणि मागे ब्रेकव्हॅन.

बीटीपीएनचं तयार मॉडेल मला कुठे मिळालं नाही. म्हणून एक अमेरिकन एचओ टँक कार घेतली, ५४ फुटी, फनेल-फ्लो जातीची. मधून कापली, ४६ मिलिमीटरचा तुकडा काढला, पुन्हा जोडली, पुट्टी भरली, घासली. लांबी बरोबर आली. रंग द्यायच्या आधी वडिलांना दाखवली. त्यांनी ती हातात घेतली आणि पहिल्यांदा उलटी केली. वरून बघितलंच नाही. खालून बोट फिरवत म्हणाले, "टाकी बसलीय कशावर? हिला फ्रेमच नाही." मग चाकाला नख लावून बघितलं. "चाकं बारीक आहेत. आणि हँडब्रेक असा वर, टोकाला कशाला? आपला खाली बाजूला असतो." टेबलावर ठेवताना एवढंच म्हणाले, "चांगली केलीस, पण आपली नाही रे ही."

त्यांचं सगळंच बरोबर होतं. त्यात फनेल-फ्लोची टाकी तळाकडून मध्यावर किंचित उतरती असते. आपली नळकांड्यासारखी सरळ. मधला तुकडा काढल्यावर तो बाक जास्तच डोळ्यात भरतो.

म्हणून आता टाकी नव्याने करायची ठरवलं. हिशोब असा: बीटीपीएनचा आतला व्यास २८५० मिलिमीटर. पत्र्याची जाडी धरून बाहेरून साधारण २८७०, म्हणजे ८७ ने भागून ३३ मिलिमीटर. शेतीच्या दुकानात मिळणारा ३२ चा पीव्हीसी पाइप बाहेरून बरोबर ३२ भरतो. त्यावर अर्ध्या मिलिमीटरची स्टायरिन (प्लास्टिक) शीट गुंडाळली की ३३. हे जुळलं तेव्हा फार आनंद झाला. कपलर ते कपलर लांबी १२४२० मिलिमीटर, म्हणजे मॉडेलवर १४२.८. बाकीची मापं बाजूने काढलेल्या फोटोवरून घेतली. बीटीपीएनखालच्या कॅसनब बोगीचा व्हीलबेस (दोन आसांमधलं अंतर) २००० मिलिमीटर असतो, तोच फुटपट्टी म्हणून वापरला. फोटो अगदी समोरून काढलेला असेल तर ही युक्ती छान चालते.

आता अडलंय ते सांगतो.

शीट पाइपवर टिकत नाही. इन्स्टंट ग्लूने चिकटवली, रबर बँड लावले, सकाळी बघतो तर जोड दोन मिलिमीटर उघडलेला आणि कडा वर उचललेली. दोनदा हेच झालं. स्टायरिनचं पातळ सिमेंट पीव्हीसीला धरतच नाही.

दुसरं, टाकीची फुगीर टोकं कशाची करू? पाइपचं एंड कॅप सपाट असतं, ते चालणार नाही.

तिसरं, बोगी. कॅसनब तीन भागांची ओतीव बोगी आहे, त्यामुळे अमेरिकन बोगी चेहऱ्याने जवळची वाटते. पण अमेरिकन शंभर टनी बोगीचा व्हीलबेस ५ फूट १० इंच, म्हणजे मॉडेलवर २०.४ मिलिमीटर. मला २३ हवाय. चाकही १००० मिलिमीटरचं, म्हणजे ११.५ पाहिजे. हातात आहे ते १०.५ चं. वडिलांचं नख तिथेच अडलं होतं.

आणि फ्रेम. ती तर पूर्ण नव्यानेच करावी लागेल असं दिसतंय. कुणाकडे सोपा मार्ग असेल तर सांगा.

---

रुळावरचा_जोशी

आधी एक विचारतो. १:८७ वरच ठाम आहात ना? एचओच्या १६.५ मिलिमीटरच्या रुळावर आपला १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज दाखवायचा तर खरा स्केल १:१०१.६ येतो. तुमच्या मापाने रूळ १९.३ चा हवा. समोरून बघितलं की टाकी रुळाच्या मानाने रुंद दिसणार.

---

मनमाडकर_८७

हो दादा, ठाम आहे. इंजिन, ब्रेकव्हॅन, स्टेशन सगळं १:८७ चं आहे. एकटा हा रेक लहान केला तर शेजारी उभा केल्यावर खुपेल. समोरून दिसणारं अंतर मी मान्य केलंय. बाजूने बघताना ती आपली वाटली पाहिजे.

---

सुतारकाम_आणि_शीट

शीटचं उत्तर माझ्याकडे आहे, मी कंपाउंडच्या पाण्याच्या टाक्या अशाच केल्यात.

तुमचा गोंद चुकलेला नाही, शीटला वळण नाही ही अडचण आहे. सपाट शीट जबरदस्तीने गोल केली की ती रात्रभर सरळ व्हायला बघते, आणि इन्स्टंट ग्लू कडक असल्याने कडेपासून सुटत जातो. आधी वळण द्या. ३२ पेक्षा बारीक, २५ चा स्टीलचा पाइप घ्या. पीव्हीसी नको, गरम पाण्यात तो स्वतःच मऊ पडतो. शीट त्यावर गुंडाळा, वरून सुती कापडाची पट्टी बँडेजसारखी घट्ट बांधा. पाणी उकळतं नको. चहाचं आधण यायच्या जरा आधीचं, भांड्याच्या तळाला बुडबुडे धरतात ना, तेवढं. दोन-तीन मिनिटं त्यात ठेवा आणि बांधलेलंच थंड होऊ द्या. सोडल्यावर शीट स्वतःहून नळी होऊन बसेल आणि तुमच्या पाइपला कवळ घालेल.

रुंदी १०२ मिलिमीटर कापा. ३३ चा परीघ १०३.७ येतो, पण वळताना शीटचा मधला थर धरायचा, म्हणजे ३२.५ गुणिले पाय (३.१४). थोडी जास्तच ठेवा आणि बसवताना घासून जुळवा.

चिकटवायला दोन भागांचं सावकाश सुकणारं इपॉक्सी. पाइप आधी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडा, त्याची चकाकी पूर्ण गेली पाहिजे. पाइप जोडायचं सॉल्व्हंट सिमेंट अजिबात नको, त्यातलं द्रावण अर्ध्या मिलिमीटरची शीट विरघळवून टाकेल. जोड टाकीच्या तळाला घ्या, फ्रेमच्या वर झाकला जाईल.

टोकांसाठी तुमच्या कापलेल्या फनेल-फ्लोचीच टोकं वापरा. त्यांचा व्यास किती आहे?

---

मनमाडकर_८७

कॅलिपरने ३१.८ भरला. वळणाची गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती, मनापासून आभार. आजच स्टीलचा पाइप शोधतो.

---

इलिनॉयचा_पाहुणा

थांबा, ती फनेल-फ्लो अजून तोडू नका.

तुमच्या वडिलांनी फ्रेमचा मुद्दा नेमका पकडला. इकडे अमेरिकेत शिकागोच्या युनियन टँक कार कंपनीने १९५४ साली बिनफ्रेमची टँक कार आणली. 'हॉट डॉग' म्हणत तिला. टाकी स्वतःच सगळा ओढ-दाब सहन करते, दोन्ही टोकांना फक्त आखूड सिल, म्हणजे तुळया. पुढे तीच पद्धत रूढ झाली. म्हणून नव्या जमान्याची कुठलीही अमेरिकन टँक कार घ्या, खाली मोकळीच असणार. बीटीपीएनखालची आरपार सेंटर सिल तिथे मिळणार नाही. फ्रेम हवी तर जुन्या, मध्यावर डोम असलेल्या टँक कारचं मॉडेल बघा. १०,००० गॅलनवाल्या जुन्या कारची टाकी तुमच्यासाठी फार बारीक आहे, पण खालची फ्रेम उपयोगी पडेल. तिच्या कडेचे चालायची फळकुटं मात्र कापून टाका. जुन्या मॉडेलबाजारात अशा तुटक्या कार स्वस्तात मिळतात.

आणि आपल्याकडे बीटीएफएलएन आहेच, ती फ्रेमलेस. बीटीपीएनच्या मागून आलेली. तुम्ही कापून आखूड केलेल्या टाकीचा बाक पुट्टीने भरून सरळ केलात, तर तिच्यापासून बीटीएफएलएन होऊ शकेल. केलेलं काम वाया जाणार नाही. टोकं दुसरीकडून घ्या, किंवा तिच्या टोकाचा साचा काढून रेझिनमध्ये ओता. पाच टाक्यांना दहा टोकं लागतील, तेव्हा साचाच परवडेल. ३१.८ चं टोक कडेने पातळ पट्टी गुंडाळून ३३ ला आणलं की बस.

कपलरची मात्र काळजी नको. आपला सीबीसी (सेंटर बफर कपलर) आणि इथला नकल कपलर एकाच घराण्याचे, आहे तोच ठेवा.

---

बोगीवाला

बोगी मी वाढवल्यात. साइडफ्रेम मधोमध कापू नका, स्प्रिंगांचा गठ्ठा मध्ये असतो आणि तो ताणलेला दिसला की सगळं बिघडतं. गठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना कापा आणि प्रत्येक बाजूला १.३ मिलिमीटरचा तुकडा घाला. सरळ पट्टीवर चिकटवा, नाहीतर चारही चाकं रुळाला टेकणार नाहीत.

चाकांसाठी युरोपियन एचओची ११ मिलिमीटरची बघा. अर्धा मिलिमीटर कमी, पण डोळ्याला कळत नाही. फक्त आसाची लांबी वेगळी असते. विकत घ्यायच्या आधी मोजा, नाहीतर टोकं साइडफ्रेममध्ये घट्ट बसून चाक फिरणारच नाही.

नंबर कसा टाकणार आहात? टीएक्सआरच्या नजरेत पहिला तोच येईल. अकरा आकडी नंबरातला शेवटचा आकडा तपासणीचा असतो. पहिल्या दहांपैकी सम जागांवरच्या आकड्यांची बेरीज तिप्पट करा, त्यात विषम जागांची बेरीज मिळवा, आणि पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतात तो अकरावा. उदाहरणार्थ ४००१९८२७४५ घ्या. सम जागा २१, तिप्पट ६३. विषम १९. एकूण ८२, म्हणून शेवटी ८. मनाला येईल तो नंबर टाकू नका.

---

मनमाडकर_८७

दहा दिवसांनी लिहितोय.

शीट बसली! गरम पाण्याची युक्ती पहिल्याच फटक्यात जमली. तीन दिवस उन्हाजवळ ठेवून बघितली, जोड हलला नाही. टोकाचा साचा काढलाय, चार टोकं ओतून झाली, त्यातल्या एकात हवेचा बुडबुडा राहिला. एक बोगी वाढवली, दुसरी तुटली, तिसरी चालू आहे. पाहुण्यांनी सांगितलेल्या जुन्या टँक कारची फ्रेम मागवली आहे.

नंबरचं वडिलांना सांगितलं. त्यांनी वहीचं पान घेतलं, तुमच्या उदाहरणाची बेरीज स्वतः केली, आणि त्याच पानावर खाली पाच नंबर लिहून दिले, प्रत्येकाचा अकरावा आकडा काढून. आता ते रोज संध्याकाळी टेबलापाशी खुर्ची ओढून बसतात.

एकच राहिलं. मॅनहोलजवळच्या प्लॅटफॉर्मपर्यंत जाणाऱ्या शिड्या मी ०.४ च्या पितळी तारेच्या करतोय. टाकीच्या गोलाईवर दोन्ही बाजूंची शिडी एकसारखी वाकवायला कुणी जिग (वाकवायचा साचा) केलंय का? असेल तर फोटो टाका.